नदीवर जागा धरली तेव्हा

आबांना अमेरिका कशी वाटली, हे मला पाच महिने कळलं नाही. विचारलं की म्हणायचे, "बरं हाय." बर्फ पडला, बरं हाय. मॉलमध्ये फिरवून आणलं, बरं हाय. दाढ काढून घरी आणलं तेव्हा तोंडात कापसाचा बोळा होता, तरी हाताने खूण केली, बरं आहे म्हणून. या माणसाने आयुष्यात एकदा तरी "हे मला आवडलं नाही" असं स्वच्छ सांगितलं असतं, तर माझे निम्मे केस अजून काळे असते.

आबा म्हणजे माझे वडील. आम्ही भोई. भीमेच्या काठी धरणाचं पाणी अडलेलं आहे, त्या पाण्यावर आबांनी जन्मभर जाळी टाकली. त्या जाळ्यांवर मी पुण्याला इंजिनिअर झाले आणि तिथून रेडमंडला येऊन सॉफ्टवेअर टेस्टिंग करायला लागले, त्यालाही आता बारा वर्षं झाली. मी एकुलती एक. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि आबा गावातल्या दोन खोल्यांत एकटे राहायला लागले. रोज व्हिडिओ कॉल करायचे मी. आबांचं कपाळ आणि वरचा पंखा, एवढंच दिसायचं.

म्हणून जानेवारीत त्यांना इथे आणलं. व्हिजिटर म्हणून सहा महिने राहता येतं. आणखी सहा महिने राहायचं तर ते संपायच्या आत मुदतवाढीचा फॉर्म भरावा लागतो. तो मी एप्रिलमध्येच भरून ठेवला होता, फक्त आबांची सही राहिली होती. समोर धरला तर म्हणाले, "बघू." चष्मा पुसला आणि उठून बाल्कनीत गेले.

बघू म्हणजे काय? हो की नाही? माझ्या नवऱ्याला विचारलं तर तो म्हणे, "यार, तुझे वडील आहेत, तुलाच माहीत असणार." मला माहीत असतं तर याला कशाला विचारलं असतं! सरळ आबांनाच का विचारलं नाही, असं कुणी म्हणेल. धाडस नव्हतं. ते नाही म्हणाले असते तर मंगळवार, सोळा जूनचं तिकीट होतंच, आणि पुढे तो पंखा आणि ते कपाळ. तिकडे त्यांच्या छातीत दुखलं तर शेजारच्यांना कधी कळणार, आणि मला कधी कळणार? मला भीती वाटत होती, साधी गोष्ट आहे. आबा राहिले पाहिजेत, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

अशात ऑफिसमधल्या एकाने जेवताना फोनवर एक फोटो दाखवला. त्याच्या हातात हा एवढा मोठा मासा, चंदेरी, पाठ निळसर. स्टीलहेड म्हणतात म्हणाला. नदीत जन्मतो, समुद्रात जातो, मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा त्याच नदीत चढून येतो. मी तो फोटो मागून घेतला आणि घरी आबांना दाखवला. त्यांनी फोन हातात घेतला. उजेडाकडे नेला. मग मला म्हणाले, "म्हंजे चढणीचा मासा. कंच्या नदीतला ह्यो?"

पाच महिन्यांत आबांनी स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न. त्या रात्री झोपतानाच मी ठरवून टाकलं, आबांना त्या नदीवर न्यायचं. दोन रात्री तंबूत राहायचं, काठावरून मासा धरायचा, तिथेच तळायचा. नदी बघितली की आबांचा जीव रमेल आणि तिथेच, त्या खुशीत, सही. फॉर्म प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मी पहिल्यांदा गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवला. तवा आणि तेल नंतर.

आता प्लॅनिंग. माझा नवरा पुण्याचा. त्यांच्या घरात अंडंसुद्धा गॅलरीत उकडायचे. या माणसाने एक्सेल शीट उघडली. पहिल्या टॅबमध्ये सामान, दुसऱ्यात मेन्यू, तिसऱ्यात हवामान. "मासा" असा वेगळा टॅब होता आणि तो रिकामा होता, कारण माशांचे नियम आम्हा दोघांना कळत नव्हते. नियमांचं पुस्तक होतं, हे जाडजूड. मी दहा वर्षं व्हिसाचे फॉर्म भरतेय, मला कुठल्याही फॉर्मची भीती वाटत नाही, असा माझा समज होता. त्या पुस्तकाने तो उतरवला. एकाच नदीचे पाच तुकडे. या पुलापासून त्या ओढ्यापर्यंत बुधवारपासून चालू, ओढ्याच्या वर बंद. गळाला उलटा काटा चालणार नाही. हॅचरीत वाढवलेला मासा घरी न्यायचा, नदीतच जन्मलेला सोडायचा. दोघं दिसायला सारखेच. ओळखायचं कसं, तर पाठीवर शेपटीच्या अलीकडे एक छोटा पर असतो. हॅचरीवाले तो लहानपणीच कापतात. पर नसला तर खा, असला तर सोडा, आणि सोडायचा असला तर पाण्याबाहेर काढायचाच नाही. वर आणखी, हे सगळं कुठल्याही दिवशी बदलू शकतं, तेव्हा निघण्याआधी वेबसाइट बघा!

"पाण्याबाहेर न काढता पर आहे का नाही हे बघायचं कसं?" मी विचारलं.

"वाकून," नवरा म्हणाला.

आबांना मी हे समजावून सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं. "धरायचा आन सोडायचा?" "हो आबा." "मग धरायचा कशाला?" याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. म्हणून मी नेहमीसारखी चिडले आणि म्हटलं, "आबा, इथले नियम आहेत, पाळावे लागतात, तुम्ही व्हिजिटर आहात, काही झालं तर पुढचा व्हिसा गेला." आबा म्हणाले, "बरं हाय."

लायसन्स काढायला बसलो तर तिथे आबांची उंची, वजन आणि डोळ्यांचा रंग हवा होता. नवरा टेप घेऊन आला आणि आबांना भिंतीला टेकवून उभं केलं. "मापं कशाला घ्यायलाय? तिरडी बांधायचीय का?" आबा म्हणाले. नवऱ्याच्या हातातली टेप खाली पडली. मी हसले, आबाही हसले. मला वाटलं, जमतंय. मग वाटलं, हे हसणं होतं की टोमणा? परत गोंधळ.

तंबूच्या जागा सगळ्या कधीच बुक झालेल्या. रोज सकाळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मी ती साइट रिफ्रेश करत बसायचे. एके दिवशी कुणीतरी कॅन्सल केलं आणि नेमकी आमच्याच वीकेंडची, तिकिटाच्या आधीच्या शनिवार-रविवारची, एक जागा मोकळी झाली. मी ओरडले. माझा माइक चालू होता. असो.

शुक्रवारी दुपारी निघालो. अडीच तासांचा ड्राइव्ह, मागे तीन माणसांसाठी पंधरा माणसांचं सामान. थालीपिठाची भाजणी, कांदे, लसणाची चटणी, माशाला लावायचा मसाला, आबांची कांबळ. पोचून तंबू लावेपर्यंत पाच वाजले, उजेड भरपूर होता. मग तिघं नदी बघायला गेलो.

मला वाटलं होतं नदी म्हणजे झाडं, पाणी आणि आम्ही. कसलं काय! आठवड्याचा बाजार भरावा तशी माणसं. पाण्याच्या कडेने रबरी विजारी घातलेले पुरुष ओळीने उभे, दोघांत सहा-सात हात अंतर, आणि कुणी कुणाशी बोलत नाही. एकाने गळ टाकला की पुढचा टाकणार, मग त्याच्या पुढचा. आबा ते बघत राहिले.

"म्होरक्या कोन ह्यांचा?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही आबा. सगळे आपापले आलेत."

"मग वाटे कोन घालतं?"

"ज्याचा मासा त्याचा."

आबांनी मान हलवली. हे पटल्याचं होतं की न पटल्याचं, ते त्यांनाच माहीत.

एक जण म्हणाला, उद्या मोसमाचा पहिला शनिवार, उद्या याच्या तिप्पट येतील. झालं. एवढं सगळं केलं आणि आबांना उभं राहायला जागाच मिळाली नाही तर? संध्याकाळ होत आली तसे लोक निघून गेले, काठ मोकळा झाला. आणि तेव्हा मला ती कल्पना सुचली. गावाहून पुण्याला जाताना एसटी फलाटावर लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून मी चार वर्षं जागा धरली आहे. रुमाल पडला की जागा आपली. म्हातारी बाईसुद्धा दुसऱ्याच्या रुमालावर बसत नाही, फार तर भांडते. मी गाडीतून दोन घडीच्या खुर्च्या आणल्या, सगळ्यात चांगल्या वाटणाऱ्या जागी, एका मोठ्या दगडाशेजारी उघडून ठेवल्या आणि एकीवर आबांचा पंचा पसरला. वर दोन गोटे ठेवले, वाऱ्याने उडू नये म्हणून.

नवरा म्हणाला, "अगं, हे चालतं का इथे?"

"पुस्तकात नाही म्हटलंय का?"

पुस्तकात खरंच काही म्हटलेलं नव्हतं. आबांनी खुर्च्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांना विचारावं हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

सकाळी फटफटताना गेलो. आमच्या जागेवर एक पांढऱ्या दाढीचा माणूस उभा होता. त्याच्या डावीकडे माणसं, उजवीकडे माणसं, दृष्टी जाईल तिथवर. आमच्या खुर्च्या मागे झाडाला टेकवून ठेवलेल्या. नीट मिटलेल्या. पंच्याची घडी घातलेली आणि घडीवर माझेच दोन गोटे.

माझं डोकंच फिरलं. कुणी खुर्च्या भिरकावल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. तरी मी गेलेच. म्हटलं, ही आमची जागा आहे, काल संध्याकाळीच धरली होती. तो वळला. हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, मॅडम, इथे खुर्ची उभी राहत नाही, माणूस उभा राहतो. मी पहाटे तीनपासून उभा आहे. शेजारचे दोघं-तिघं नदीकडेच बघत होते, पण त्यांचे कान आमच्याकडे होते. मी म्हटलं, माझे वडील सत्तर वर्षांचे आहेत, ते इंडियाहून आलेत. हे मी का म्हटलं? एसटीत चालतं म्हणून. तो म्हणाला, मी शहात्तरचा आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागे बघते तर आबा तिथे नाहीत. पंचा खांद्यावर टाकून, नवऱ्याच्या हातातला गळाचा दांडा घेऊन ते काठाकाठाने खालच्या अंगाला चालायला लागले होते. आम्ही त्यांच्यामागे. गर्दी संपली, झुडपं आली, मग एक वळण आलं. तिथे पाणी उथळ आणि संथ होतं, एक झाड आडवं पडलेलं. चिटपाखरू नव्हतं.

"आबा, इथे मासे नाहीत, म्हणून कुणी उभं नाही," नवरा म्हणाला. त्याने एकूण अकरा व्हिडिओ बघितले होते.

"हितं पानी दम खातंय," आबा म्हणाले आणि चपला काढून गुडघाभर पाण्यात शिरले. ते पाणी बर्फाचं! मी ओरडले, आबा, न्यूमोनिया होईल. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. आमच्या घरच्या सोफ्यावर आबा कायम पुढच्या कडेवर बसायचे, कुणी उठवेल म्हणून बसल्यासारखे. इथे पाण्यात उभे राहिले आणि त्यांची पाठ सैल झाली. मला ते इतकं लख्ख दिसलं की रडूच आलं. मी मनात म्हटलं, करतील. आबा सही करतील.

तासभर गेला असेल. दांड्याचं टोक वाकलं. नवरा ओरडला, मी त्याच्याहून मोठ्याने ओरडले. आबांनी काही घाई केली नाही, दोरी सोडली, ओढली, सोडली, आणि मासा पायाशी आणला. फोटोतल्यासारखा तो नव्हता. काळपट होता, लांब आणि बारीक, डोकं मोठं आणि पोट आत गेलेलं. पण पाठीवर, शेपटीच्या अलीकडे, तो छोटा पर होता. अख्खा.

आबांनी दोन्ही हात पाण्यात घातले आणि मासा पोटाखालून धरला.

माझा ताबा सुटला. "आबा, वर काढू नका! पर आहे त्याला! सोडा! सोडा म्हणते ना, कितीदा सांगितलं तुम्हाला, दंड होईल, व्हिसा जाईल, ऐकत का नाही तुम्ही माझं!" पोराला ओरडावं तसं ओरडले मी, माझ्या सत्तर वर्षांच्या बापाला.

आबांनी मासा वर काढलेलाच नव्हता. त्यांनी फक्त त्याचं तोंड प्रवाहाकडे केलं होतं आणि दोन बोटांनी गळ सोडवला होता. ते तसेच वाकून उभे होते, पाण्यात हात, माशाचे कल्ले उघडमीट करत होते.

"वरडू नगं," ते म्हणाले. "बाळंतीन हाय ती."

मी वाकून बघितलं.

"प्वाट बघ की. मोकळी झालीय. वर अंडी घालून आली, आता खाली निघालीय. थकून हितं इसाव्याला थांबली व्हती. आपल्याकडं चढणीला असली घावली तर माझा बा जाळ्यातनं काडून सोडायचा. पर-बिर काय बगत नव्हता." एवढी वाक्यं आबांनी पाच महिन्यांत एका दमात म्हटली नव्हती. "दम घिऊ दे तिला. मंग जाईल."

"कुठे?" मी विचारलं. मूर्खासारखं.

"घरी. समुंदरात. आली व्हती पोरांसाठी. काम झालं. आता हितं ऱ्हाऊन काय करंल?"

मासळीने शेपटी हलवली. आबांनी हात उघडे केले, तरी ती क्षणभर तिथेच राहिली, मग गेली. आबा आपल्या हातांकडे बघत होते. त्यांचे पाय निळे पडले होते. मी पंच्याने पुसायला खाली बसले ते बराच वेळ उठलेच नाही, कारण वर बघितलं असतं तर त्यांना माझा चेहरा दिसला असता. सगळ्यांना विचारत सुटले होते मी. ऑफिसमधल्याला, नवऱ्याला, त्या जाडजूड पुस्तकाला. पन्नास वर्षं पाण्यात उभं राहिलेल्या माणसाला मी फक्त नियम सांगितले होते.

खायचा मासा मिळालाच नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. थालीपिठं झाली. पांढऱ्या दाढीवाल्याच्या तंबूपुढच्या खुर्चीवर आबांनी स्वतः नेऊन दोन ठेवली, चटणीसकट, आणि तो खोकत खोकत खाताना त्याच्याशी मराठीत बोलत बसले. आबा त्या दोन दिवसांत खूप बोलले. धरणाबद्दल, गावातल्या होडीबद्दल, ती डांबर न लावता पालथी घालून आलोय त्याबद्दल, आईच्या हातच्या कालवणाबद्दल. सगळं तिकडचंच होतं.

रविवारी परत निघालो. नवरा गाडी चालवत होता, मी मागे बसले होते, आबा पुढे. अर्धा रस्ता झाल्यावर आबांनी मागे न बघता विचारलं, "त्यो कागद आनलायस ना? कुटं सही करायची ती दाव. तुजा जीव लागून ऱ्हायलाय त्यात."

पाच महिने ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते आबा आपणहून देत होते. फोल्डर त्यांच्या गुडघ्यासमोरच्या कप्प्यात होता. नवऱ्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. त्याला ठाऊक होतं.

"नाही आणला आबा," मी म्हटलं. "घरी राहिला. आणि तसंही आता त्याची तारीख निघून गेली."

नवऱ्याने नजर पुन्हा रस्त्याकडे वळवली.

"बरं झालं," आबा म्हणाले. मग सीटवर मागे टेकून बसले, पाठ पूर्ण टेकवून, आणि म्हणाले, "इमान कंच्या वारी हाय म्हनलीस?"

"मंगळवारी," मी म्हटलं.